न्हाणीचे पाणी खड्ड्यात नको, परसात हवे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींमध्ये घरगुती सांडपाण्याचा विषय निघाला, की उत्तर बहुधा ठरलेले असते: घरामागे शोषखड्डा. खड्डा खणायचा, दगडगोटे भरायचे, मोरीचा आणि न्हाणीचा पाइप त्यात सोडायचा, की विषय संपला. त्याऐवजी हे पाणी कर्दळ, वाळा, अळू अशा पाणथळीतल्या वनस्पतींच्या वाफ्यातून गाळून बागेला द्यावे, असे कोणी सुचवले तर तीन हरकती लगेच पुढे येतात. कोकणात एवढा पाऊस पडत असताना वापरलेले पाणी पुन्हा वापरायची वेळ का यावी, ही पहिली. शोषखड्ड्यातून पाणी जमिनीत मुरते, म्हणजे भूजलाचे पुनर्भरण आपोआप होते, ही दुसरी. आणि झाडांनी सांडपाणी साफ होते हे हौशी लोकांचे खूळ आहे, त्याने डास आणि रोगराई मात्र वाढेल, ही तिसरी. या हरकती घेणारी माणसे गावाच्या हिताचाच विचार करत असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे आहे, की रत्नागिरीत पाण्याची किंमत ते किती आहे यापेक्षा ते कोणत्या महिन्यात हाताशी आहे यावर ठरते. या एका कसोटीवर शोषखड्डा नापास होतो आणि वनस्पतींचा वाफा उत्तीर्ण होतो.

पावसापासूनच सुरुवात करू. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खाली जांभा आहे. तो सच्छिद्र आहे, भेगाळ आहे, आत पोकळ्या आहेत, आणि जमीन सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्राकडे उतरत गेलेली आहे. पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीचा तळ मार्च-एप्रिलमध्ये दिसू लागतो आणि मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्याचे कारण हेच. इथे पाणी कमी पडत नाही, ते टिकत नाही. आता शोषखड्ड्याच्या पुनर्भरणाचा हिशेब मांडून पाहा. तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर पाणी मिळते. पिण्याचे, रांधण्याचे आणि संडासाचे वजा केले, तर न्हाणी, मोरी आणि धुण्याचे मिळून सुमारे १८० लिटर उरते. वर्षाचे झाले साधारण ६५ हजार लिटर. म्हणजे घरामागच्या एका गुंठ्यावर आभाळातून जेवढे पडते, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी भर शोषखड्डा वर्षभर राबून टाकतो, आणि तीही त्याच जमिनीत, जी तीन लाख लिटर धरून ठेवू शकलेली नाही. जी टाकी गळते आहे, तिच्यात आणखी थोडे पाणी ओतण्याला पुनर्भरण म्हणता येत नाही.

तेच १८० लिटर वाफ्यातून गाळून फेब्रुवारी ते मे या काळात झाडांना दिले, तर चित्र बदलते. वाफ्यातली झाडे उन्हाळ्यात स्वतःही पाणी पितात. पाच चौरस मीटरचा वाफा कडक उन्हात दिवसाला चाळीस लिटरपर्यंत पाणी हवेत सोडू शकतो. ही घट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती धरूनही रोजचे १४० लिटर उरतात आणि चार महिन्यांचे जवळपास सतरा हजार लिटर होतात. ठिबकने पाणी दिले तर मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर लागते. म्हणजे एका घराच्या वापरलेल्या पाण्यावर चार माड पूर्ण उन्हाळा काढू शकतात. माड नसतील, तर नुकत्याच लावलेल्या आंब्याच्या आणि काजूच्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे जगवायला हे पाणी पुरून उरते. हीच कलमे जगवण्यासाठी माणसे ऐन उन्हात घागरी घेऊन डोंगर चढतात, आणि दुसऱ्या बाजूला न्हाणीचे पाणी खड्ड्यात जाते. झाडांना दिलेले हे सतरा हजार लिटर विहिरीतून उपसावे लागत नाहीत, म्हणून ते पिण्यासाठी विहिरीत राहतात. खरी बचत ही आहे, आणि ती नेमकी त्या महिन्यांत होते जेव्हा तिची गरज असते.

शोषखड्ड्याची मोहीम राज्यात कुठून वाढली हे आठवले, तर इथला गोंधळ लवकर उलगडतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गल्लीतली गटारे आणि त्यांतले डास हटवले. त्या कामाचे श्रेय त्या गावाला द्यायलाच हवे. पुढे २०२१मध्ये केंद्राच्या ‘सुजलाम्’ मोहिमेत शंभर दिवसांत दहा लाख शोषखड्ड्यांचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि एका भूभागातला उपाय देशभरचा झाला. पण मराठवाड्यात वरती काळी चिकण माती आहे. पाणी तिच्यावर तुंबते, म्हणून ते खालच्या मुरमापर्यंत पोचवून द्यावे लागते. तिथे मातीचा जाड थर गाळणीचे कामही थोडेफार करतो. जांभ्यात अडचण नेमकी उलटी आहे. इथे पाणी तुंबत नाही, फार लवकर निघून जाते. मातीचा थर पातळ, खाली भेगा आणि पोकळ्या, आणि परसातच पिण्याची विहीर. शोषखड्ड्यात गेलेले साबणाचे, तेलकट, मासळी धुतल्याचे पाणी मातीच्या संगतीत पुरेसे दिवस न राहता भेगेतून उतारावर सरकते. उतारावर खालच्या वाडीची विहीर असते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते आणि अनेक खड्ड्यांचा तळच पाण्यात बुडतो. तेव्हा तो खड्डा पाणी मुरवत नाही, सांडपाणी थेट भूजलात मिसळतो. विहीर आणि खड्डा यांच्यात अमुक इतके अंतर ठेवा, हा नियम सपाट मातीसाठी ठीक आहे. भेगाळ खडकात नुसत्या अंतराने संरक्षण मिळत नाही, कारण पाणी कोणत्या भेगेतून कुठे निघेल हे वरून दिसत नाही.

यावर एक घरगुती उत्तर हमखास येते: आमच्याकडे पूर्वीपासून न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला जाते, मग नवीन काय सांगता? हे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात अर्धे काम झालेले आहे. न्हाणीच्या मागे अळवाचे खाचर, त्यापुढे केळी, त्यापुढे पोफळी ही कोकणातल्या घराची जुनी मांडणी आहे आणि ती शास्त्राला धरून आहे. अळू, केळ आणि कर्दळ ही तिन्ही भरपूर ओल मानवणारी झाडे. पण ती मांडणी ज्या पाण्यासाठी होती, ते पाणी आता राहिलेले नाही. रहाटाने ओढलेले किंवा डोक्यावरून आणलेले पाणी मोजके वापरले जाई, भांडी राखेने घासली जात, डोक्याला शिकेकाई असे. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरात नळ आणला. सोबत धुण्याची पावडर आली, भांड्यांचा साबण आला, बऱ्याच घरांत धुलाईयंत्र आले. पाणी कित्येक पटींनी वाढले आणि बाहेर काढायची वाट मात्र तीच राहिली. अळवाच्या खाचराला हा भार पेलवत नाही. मातीची छिद्रे साबणाने आणि तेलाने बुजतात, पाणी वर साचते, वास सुटतो, आणि मग त्याला गटार म्हणून खड्ड्यात ढकलले जाते. दोष अळवाचा नव्हता, त्याच्या मुळाशी असलेल्या मातीचा होता. मातीच्या जागी खडी घातली आणि पाणी येण्याआधी त्यातला गाळ व तेल वेगळे केले, तर तीच जुनी मांडणी आजच्या पाण्यालाही पुरी पडते.

झाडे पाणी कसे साफ करतात, याबद्दल समर्थकांमध्येही मोठा गैरसमज आहे आणि विरोधकांना बळ त्यातूनच मिळते. झाड घाण शोषून घेते आणि पाणी निर्मळ होते, असे सर्रास सांगितले जाते. खरे काम झाड करत नाही, त्याच्या मुळांवर आणि खडीवर बसलेले जिवाणू करतात. साबण, तेल, अन्नाचे कण हे त्यांचे खाद्य. झाडाचा वाटा दुसरा आहे, पण तो लहान नाही. अळवाचा देठ आडवा कापून उजेडात धरला, तर आत स्पंजासारखी जाळी दिसते, बारीक पोकळ्याच पोकळ्या. पानांतली हवा या पोकळ्यांतून खाली उतरते आणि बुडालेल्या मुळांपर्यंत पोचते. त्या मुळांच्या भोवती प्राणवायूचा पातळ थर तयार होतो, त्याच्या पलीकडे प्राणवायू नसतो, आणि दोन्ही प्रकारचे जिवाणू शेजारी शेजारी काम करतात. मुळे खडीत शिरत राहतात म्हणून वाफा लवकर बुजत नाही. नत्र आणि स्फुरदाचा थोडा भाग झाड स्वतः घेते, पण तो तेव्हाच बाहेर जातो जेव्हा आपण झाड छाटून उचलतो. छाटणी केली नाही तर वाळलेले पान तिथेच कुजते आणि घेतलेले सारे परत पाण्यात येते. हे स्पष्ट सांगितले की या पद्धतीत चमत्कार उरत नाही, आणि चमत्कार नसल्यामुळेच ती भरवशाची आहे.

हे खूळही नाही आणि कालचेही नाही. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५०च्या दशकात बोरू-लव्हाळ्यांसारख्या पाणवनस्पतींवर सांडपाण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे राइनहोल्ड किकुथ यांनी मुळांच्या थरातून पाणी नेण्याची पद्धत मांडली. भारतात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ते उभेही राहिले. कोलकात्याच्या पूर्वेकडील साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ भूमी, जिला २००२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले, शहराचे सांडपाणी घेऊन त्यावर मासे आणि भाजी पिकवते. तिथे ऊन आणि शेवाळ यांचे काम मोठे आहे, आणि त्या तळ्यांच्या कडेला जलपर्णीची पट्टी मुद्दाम राखली जाते.

जलपर्णीचे नाव निघाले म्हणून इथे थांबायला हवे. अमेरिकेच्या ‘नासा’मध्ये बी. सी. वुल्व्हर्टन यांनी १९७०च्या दशकात जलपर्णीने सांडपाणी साफ करून दाखवले आणि तेव्हापासून ही वनस्पती समर्थकांची लाडकी झाली. ती झपाट्याने वाढते आणि भरपूर नत्र ओढते, हे खरे. पण तेवढ्याच झपाट्याने ती काढावी लागते, आणि काढली नाही तर काय होते ते पंचगंगेत आणि इंद्रायणीत दरवर्षी दिसते. तिचा एक तुकडा पावसाळ्यात पऱ्ह्यातून वाहत खालच्या धरणात किंवा तळ्यात गेला, तर घराचे पाणी साफ करण्याच्या नादात आपण सगळ्या खोऱ्याला रोग लावून ठेवू. शिवाय तिला उघडे पाणी लागते आणि उघडे पाणी म्हणजे डास. म्हणून रत्नागिरीतल्या कोणत्याही घरामागे जलपर्णी सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. तरंगत्या वनस्पतींचे तोटे दाखवून मुळे रोवणाऱ्या वनस्पतींचा वाफा बाद ठरवणारे विरोधक मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालतात.

वाफा नेमका कसा असतो हे पाहिले, की बऱ्याच शंका जागेवरच निवळतात. आधी चिऱ्यात बांधलेला छोटा हौद, दीड-दोन दिवसांचे पाणी मावेल एवढा. मोरीचा पाइप त्यात येण्याआधी जाळी असावी, कारण आपल्याकडच्या मोरीतून भाताची शिते आणि माशाची खवले येतातच. हौदात गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगते, आणि बाहेर जाणारा पाइप वाकवून मधल्या थरातले पाणी घेतो. मग वाफा: पाच माणसांना साधारण पाच मीटर लांब, एक मीटर रुंद, साठ-सत्तर सेंटिमीटर खोल. जांभा गळका म्हणून तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा जाड कागद अंथरावा लागतो. आंब्या-काजूच्या कलमांसाठी जलकुंडे खणणाऱ्या जिल्ह्याला प्लास्टिक अंथरलेला खड्डा परका नाही. पाणी शिरते तिथे आणि निघते तिथे मुठीएवढे दगड, मध्ये धुतलेली बारीक खडी. निघणाऱ्या तोंडाशी फिरवता येणारा कोपऱ्याचा पाइप, ज्याने पाण्याची पातळी खडीच्या चार बोटे खाली राखता येते. कर्दळीचे आणि वाळ्याचे ठोंब हातभर अंतरावर लावले, की पावसाळ्याआधी मुळे तळाला भिडतात. खडीत साधारण चाळीस टक्के पोकळी धरली, तर एवढ्या वाफ्यात बाराशे लिटर पाणी मावते, म्हणजे रोजचे १८० लिटर सहा दिवसांहून अधिक काळ मुळांच्या सहवासात राहते. शोषखड्ड्यातून जांभ्यात शिरणाऱ्या पाण्याला हा मुक्काम मिळत नाही, आणि दोन्हींतला सगळा फरक या सहा दिवसांचा आहे.

डासांची शंका याच मांडणीत मिटते. पाणी खडीखाली असते आणि वर कोरडी खडी, त्यामुळे डासाला अंडी घालायला पृष्ठभागच मिळत नाही. क्युलेक्स डास वाढतात ते उघड्या गटारात आणि बुजलेल्या शोषखड्ड्याच्या तोंडाशी. साबणाच्या आणि तेलाच्या थराने काही वर्षांत बुजणे हा गाळ न काढता भरलेल्या शोषखड्ड्याचा ठरलेला शेवट आहे. वाफ्याच्या तोंडाशी पाणी वर दिसू लागले, तर तोही बुजत चालला असे समजावे आणि तिथले हातभर दगड काढून धुवावेत. बुजलेला खड्डा मात्र सगळाच उपसावा लागतो.

पावसाची हरकत अधिक गंभीर आहे. एवढ्या पावसात वाफा वाहून जाईल, असे म्हणतात. आकडे वेगळे सांगतात. पाच चौरस मीटरवर चार महिन्यांत पंधरा हजार लिटर पाऊस पडतो, म्हणजे दिवसाला सरासरी सव्वाशे लिटर, घरातून येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी. दोनशे मिलिमीटरचा एखादा दिवस आला, तर हजार लिटर एकदम पडतात आणि वाफ्यातले पाणी जवळपास पूर्ण बदलते. पण त्या दिवशी सगळीकडेच पाणी वाहत असते आणि बाहेर पडणारे सांडपाणी कित्येक पट पातळ झालेले असते. सांभाळायचे एवढेच, की छपराचे आणि अंगणाचे पाणी वाफ्यात शिरू नये. त्यासाठी चिऱ्याच्या एका थराचा कठडा पुरतो. पावसाळ्यात झाडांना पाणी नको असते, हेही खरे. तेव्हा वाफ्यातून निघालेले पाणी शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्ड्याला माझा विरोध नाही, त्याच्या जागेला आहे. तो वाफ्याच्या पुढे हवा, वाफ्याच्या ऐवजी नको. साबण आणि तेल आधीच निघून गेलेले पाणी आल्यावर तो बुजणारही नाही आणि खालच्या विहिरीला त्याची भीतीही कमी.

आरोग्याच्या प्रश्नावर समर्थकांनी जपून बोलावे. असा वाफा सेंद्रिय घाणीचा मोठा हिस्सा काढतो, पाणी दिसायला स्वच्छ होते, वास जातो. रोगजंतूंचे तसे नाही. शंभरातले नव्व्याण्णव जंतू गेले तरी लाखातले हजार उरतात, म्हणून हे पाणी पिण्याचे नाही, भांडी धुण्याचे नाही आणि कच्च्या खाण्याच्या कोथिंबीर-काकडीवर शिंपडण्याचेही नाही. संडासाचे पाणी या वाफ्यात मुळीच घेऊ नये, त्याची सेप्टिक टाकी वेगळी राहावी. लहान मुलांचे लंगोट धुतलेले पाणीही त्याच टाकीकडे वळवणे शहाणपणाचे. पण जंतू उरतात म्हणून पाणीच वापरू नये, हा निष्कर्ष चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये सांडपाणी आणि घरगुती वापरलेले पाणी शेतीत सुरक्षित वापरण्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत भर एका उपायावर नाही, एकामागून एक लावलेल्या अटकावांवर आहे: थोडे शुद्धीकरण, मग पीक कोणते हे पाहणे, मग पाणी कसे द्यायचे हे ठरवणे. या कसोटीवर कोकणातला परस फारच सोयीचा आहे. नारळ जमिनीपासून पन्नास फुटांवर लागतो. पोफळीची सुपारी सोलल्याशिवाय कोणी खात नाही. आळ्यात पाइपने पाणी सोडायचे आणि वर झावळ्यांचे आच्छादन टाकायचे, एवढ्याने हात आणि पाणी यांची गाठ पडत नाही. अळू मात्र वाफ्यात लावला तर फदफद्यासाठी त्याची पाने खुडू नयेत. खायचा अळू वाफ्याच्या पुढच्या आळ्यात लावावा आणि शिजवूनच खावा.

साबणातल्या क्षारांनी जमीन नापीक होईल, ही भीती शेतकरी बोलून दाखवतात आणि सोलापूर-धाराशिवच्या काळ्या मातीत ती रास्त ठरेल. तिथे सोडियम साठत जातो, माती चिकट होते, आणि धुऊन काढायला पाऊस अपुरा पडतो. रत्नागिरीच्या आम्लधर्मी लाल मातीवर मात्र दरवर्षी तीन हजार मिलिमीटर गोडे पाणी कोसळते. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत साठलेला क्षार जून-जुलैमध्येच धुऊन निघतो. जो पाऊस या विषयात अडचण म्हणून सांगितला जातो, तोच इथे जमीन राखतो. आणखी एक गोष्ट जांभ्याच्या बाजूने आहे. तो लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला असल्यामुळे धुण्याच्या पावडरीतला स्फुरद तो घट्ट धरून ठेवतो. पऱ्ह्यात आणि खाडीत शेवाळ माजवणारा स्फुरद वाफ्यातच अडवायचा असेल, तर खडीच्या शेवटच्या मीटरभर भागात चिरेखाणीत पडून असलेले जांभ्याचे तुकडे धुऊन, चाळून घालावेत. बारीक लाल भुकटी मात्र आत जाता कामा नये, तिने वाफा बुजेल. चिरेखाणीच्या कडेला ढिगाने पडलेला हा माल दुसऱ्या जिल्ह्यांना पैसे देऊनही मिळणार नाही.

मोठे सांडपाणी प्रकल्प हाच खरा उपाय, घरोघरचे प्रयोग म्हणजे ठिगळे, असे मानणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालात देशातल्या शहरी सांडपाण्याचा अंदाज दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर होता आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर. शंभरातले अठ्ठावीस. ही शहरांची गत, जिथे माणसे एकाला एक लागून राहतात. रत्नागिरीतल्या गावाच्या वाड्या डोंगराच्या दोन बाजूंना असतात, एका घराच्या परसातून दुसऱ्या घराचे छप्पर खाली दिसते. जांभा फोडून तिथे मलवाहिन्या न्यायच्या, दरीतून पंपाने पाणी वर चढवायचे आणि वर्षभर विजेचे बिल भरायचे, हे कोणत्या ग्रामपंचायतीला परवडेल? ३ जून २०२०ला आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड आणि दापोलीच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. उताराने वाहणाऱ्या वाफ्याला वीज लागतच नाही. ज्या उतारामुळे इथे मोठी योजना अवघड होते, तोच उतार वाफ्याला फुकटचा पंप देतो. शहरातल्या इमारतींचा प्रश्न निराळा आहे, तिथे संडासाचे पाणीही हिशेबात धरावे लागते आणि मोठा, आखीव प्रकल्प लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर वाडीवर लादू नये, एवढेच.

राहिला पैसा आणि देखभाल. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली, म्हणजे पाच माणसांच्या घरामागे १४०० रुपये. तेवढ्यात प्लास्टिक, खडी आणि पाइप येणार नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. शोषखड्डा स्वस्त पडतो आणि रोजगार हमीत सहज बसतो, त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण हेच. पण पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या बांधील निधीत पिण्याचे पाणी आणि पावसाचे पाणी साठवणे यांच्याच जोडीला पाण्याचा पुनर्वापर स्पष्टपणे नोंदवलेला होता. शोषखड्ड्यात पुनर्वापर होत नाही, वाफ्यात होतो. या मुद्द्यावर ग्रामसभेने आराखड्यात वाफे मागायला हवेत आणि जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांनी शोषखड्ड्याच्या नमुना अंदाजपत्रकाशेजारी वाफ्याचे अंदाजपत्रकही ठेवायला हवे. खर्च उतरवायचा असेल, तर एकाच उतारावरच्या चार-पाच घरांना मिळून एक वाफा करता येतो. मात्र तिथे जाळी कोणी साफ करायची यावरून भांडण होणार, म्हणून ते काम आणि त्याचा मोबदला आधीच लिहून ठरवावा.

देखभाल कोण करणार, हा विरोधकांचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार प्रश्न आहे. काम नेमके किती, तेही सांगितले पाहिजे. मोरीची जाळी रोज झटकायची. हौदावरची तेलाची साय पंधरवड्याने काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकायची. तळाचा गाळ वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी उपसायचा. कर्दळ वर्षातून दोन-तीनदा छाटायची आणि छाटलेले माडाच्या आळ्यात पसरायचे. पाणी वाफ्यातून निघाल्यावर साठवून ठेवायचे नाही, दुसऱ्या दिवसाच्या आत झाडांना द्यायचे, नाहीतर त्याला पुन्हा वास येतो. आगर सांभाळणाऱ्या घराला यातले एकही काम नवे नाही. पण हे काम बहुतेक घरांत बाईच्या अंगावर पडेल, आणि नळाच्या योजनेने तिच्या डोक्यावरची घागर उतरवली असताना हातात दुसरे काम देऊ नये, ही हरकत मला पूर्ण पटते. म्हणून वाफ्याचा निर्णय ग्रामसभेआधी महिला सभेत व्हावा, जाळी आणि हौद वाकावे लागणार नाही अशा उंचीवर बांधावेत, आणि अनुदान देताना छाटणीचे व गाळ काढण्याचे काम घरातल्या पुरुषाच्या नावावर लिहून घ्यावे. खोदाईचे अंदाजपत्रक नवरात्रात मंजूर झाले, तर दिवाळीनंतर जमीन वाफशाला येताच काम सुरू होते आणि डिसेंबरात लावलेले ठोंब फेब्रुवारीत, म्हणजे विहीर उतरू लागते त्या महिन्यात, पाणी द्यायला तयार होतात.